मारुती 800 चे दरवाजे उतरवताना

अरे, दरवाजा उतरवणं सोपं, पण एकट्याने करू नकोस. दुसरं कोणी नसेल तर ज्या दिवशी असेल त्या दिवशी कर. काच पूर्ण खाली घे, आरसा काढून ठेव. आत स्पीकर किंवा सेंट्रल लॉक बसवलेलं असेल तर वायर कापू नकोस, कनेक्टर सोडव. पुढे तीच जोडायला लागते.

खरी झुंज बिजागरीशी. आदल्या रात्री बोल्टवर डब्ल्यूडी-40 (गंजलेले बोल्ट सैल करायचा स्प्रे) मार, सकाळी पुन्हा मार. पाना घट्ट बसला तरच जोर लाव, सैल पान्याने बोल्टाचं डोकं गोल झालं की दिवस गेला. माझा एकदा गेलाय, वरून छिन्नी-हातोड्याने बोटं सोलली ती वेगळी. बिजागरी भोवती मार्करने रेघ मार, परत बसवताना फट जुळते. दरवाजा उघडताना ठरावीक जागी थांबतो ना, तो थांबवणारी पट्टी असते. तिची पिन आधी काढ.

आता दरवाजाखाली जॅक, जॅकवर फळी, फळीवर जुनी गोधडी. वजन त्यावर आलं की आधी खालच्या बिजागरीचे बोल्ट, वरचे शेवटी. मदतनीसाने दरवाजा धरलेला हवा, गप्पा मारत नाही. कोकणातली गाडी असेल तर खालची कड ठोकून बघ, पत्रा पापडासारखा निघतो.

गाडी कायमची मोडत असशील तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे 14 दिवसांत आरटीओला कळव. बोल्ट डबीत, डबीवर 'डावा पुढचा' असं लिहून.