दोन महिने पोटरी फडफडते आहे, हा मोटर न्यूरॉन डिसीज असेल का? आणि हे मोटर न्यूरॉन म्हणजे नेमकं काय?

तुम्ही लिहिलंय की पोटरी आतल्या आत फडफडते, दुखत नाही, चालणं-धावणं पूर्वीसारखंच चालू आहे, आणि नेटवर शोधलं तर पहिल्याच पानावर मोटर न्यूरॉन डिसीज दिसला. दुसऱ्या प्रश्नाआधी पहिल्याचं उत्तर देते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल: एवढ्याच वर्णनावरून, बहुधा नाही. मी डॉक्टर नाही, ईएमजीच्या (स्नायूतली वीज सुईने टिपून ऐकवणारी तपासणी) खोलीत तंत्रज्ञ आहे. सुई डॉक्टर घालतात, यंत्र मी सांभाळते. नुसत्या फडफडीपायी रात्र रात्र मोबाइलवर वाचून अर्धमेले झालेले लोक आमच्याकडे नेहमी येतात.

आता त्या पेशींबद्दल. स्नायूला हलायचा हुकूम दोन टप्प्यांत मिळतो. मेंदूच्या वरच्या थरातल्या पेशींचे तंतू मज्जारज्जूत उतरतात आणि वाटेत त्यांतले बहुतेक बाजू बदलतात, म्हणून डावा मेंदू उजवा हात चालवतो. हे वरचे मोटर न्यूरॉन. मज्जारज्जूच्या पुढच्या भागात खालचे मोटर न्यूरॉन बसलेले असतात (चेहरा, जीभ, घसा यांचे त्याच्याही वर, मेंदूच्या बुडाशी, ब्रेनस्टेममध्ये), आणि त्यांचा तंतू थेट स्नायूत शिरतो. पावलाकडे जाणारा असा एक तंतू सुमारे मीटरभर लांब असतो. त्याच्या टोकाशी असेटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायू आकसतो.

एक न्यूरॉन किती स्नायुतंतू सांभाळतो हे जागेवर अवलंबून असतं. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत अगदी मोजके, पोटरीत हजाराच्या वर. तुमची फडफड डोळ्यांना दिसते ती यामुळेच: एका न्यूरॉनने मनानेच एक ठिणगी सोडली की त्याच्या ताब्यातले सगळे तंतू एकदम आकसतात आणि कातडीखाली हालचाल दिसते. याला फॅसिक्युलेशन म्हणतात. जास्त व्यायाम, अपुरी झोप, भरपूर कॉफी, काळजी, काही औषधं, यांपैकी कशानेही ते होतं आणि धडधाकट माणसात पोटरी ही त्याची आवडती जागा. काळजीने ते वाढतं आणि वाढलं की काळजी वाढते, यातच बरेच जण अडकतात.

खालचे न्यूरॉन मरू लागतात तेव्हाही फडफड होते, पण तिच्यासोबत स्नायूची ताकद जाते आणि तो सुकतो. वरचे मरू लागले तर उलट ताठरपणा येतो, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय जोरात उडतो, पायाचा तळवा खरवडला की अंगठा वर जातो (ही खूण बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये सांगितली). दोन्ही एकत्र बिघडतात तो एएलएस, मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतात तेव्हा बहुधा हाच अभिप्रेत असतो. पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी १८६९ पासून त्याचं वर्णन केलं. सुरुवात बहुतेकदा अगदी क्षुल्लक वाटते: शर्टाचं बटण लागत नाही, किल्ली फिरत नाही, चालताना चवडा अडखळतो, बोलणं जड होतं. बधिरपणा किंवा मुंग्या हे त्याचं लक्षण नाही, आणि डोळ्यांची हालचाल सहसा फार उशिरापर्यंत टिकते.

आमचे डॉक्टर हात बघतात तेव्हा आधी अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग बघतात. एएलएसमध्ये तो खपाटीला जातो आणि करंगळीकडची बाजू त्यामानाने भरलेली राहते. जीभ बाहेर काढायला लावून फडफड बघत नाहीत, कारण बाहेर काढलेली जीभ कुणाचीही थरथरते. ती तोंडात सैल ठेवून बघतात. मग सुई. निवांत स्नायूत सुई स्थिर असली की यंत्राचा स्पीकर गप्प असतो. मज्जातंतू तुटलेल्या स्नायूत मात्र पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज येतो. एका पायात तो आला म्हणून कुणी निदान करत नाही. हात, पाय, पाठ, जीभ अशा वेगवेगळ्या भागांत बघतात. मानेतला मणका मज्जारज्जूवर दाबत असेल तर चित्र फसवं दिसू शकतं आणि त्यावर शस्त्रक्रिया असते. मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी नावाचा आजारही एएलएससारखा भासतो, आणि तो इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडं) दिल्याने बऱ्याचदा सुधारतो.

एएलएस बरा होत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. बहुतेकांना लक्षणं सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षं मिळतात, साधारण दहातल्या एकाला दहाच्या वर. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचं निदान १९६३ मध्ये, एकविसाव्या वर्षी झालं आणि ते २०१८ पर्यंत जगले, पण तो अपवादच. रिलुझोल हे औषध १९९५ पासून आहे, त्याने काही महिने वाढतात. रात्री मास्कने श्वासाला आधार दिला तर आयुष्य वाढतं आणि झोपही सुधारते. २०२३ मध्ये अमेरिकेत टोफरसेन या औषधाला मंजुरी मिळाली, पण ते फक्त एसओडी१ या जनुकात दोष असलेल्यांसाठी, म्हणजे थोड्यांसाठीच.

खरी उलथापालथ झाली ती लहान मुलांच्या स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी या आनुवंशिक आजारात. तिथे एसएमएन१ जनुक नसल्याने खालचे न्यूरॉन मरतात. शेजारचं एसएमएन२ तेच प्रथिन बनवतं, पण बहुतांशी अर्धवट. २०१६ मध्ये आलेलं नुसिनर्सेन हे औषध त्या दुसऱ्या जनुकाकडून पूर्ण प्रथिन बनवून घेतं. एरवी आधाराशिवाय कधीच न बसणारी काही बाळं त्यामुळे बसू लागली. पोलिओचा विषाणूही याच खालच्या पेशी मारतो, फक्त तो एकदाच घाव घालून थांबतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर घरी टाचांवर चालून बघा, मग चवड्यांवर, मग फडफडणाऱ्या एकाच पायावर उड्या मारा. जमलं तरी फडफड त्रास देत असेल तर फॅमिली डॉक्टरांना दाखवा, थायरॉइड आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम तपासतील. पाय अडखळू लागला, पोटरी एका बाजूने बारीक दिसली किंवा बोलण्यात फरक पडला तर थेट न्यूरॉलॉजिस्ट. फडफड दवाखान्यात हमखास थांबते, म्हणून व्हिडिओ काढून ठेवा. ईएमजी सांगितलीच तर त्या दिवशी पायाला तेल-क्रीम लावू नका आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी कळवा.