वाचकांचे प्रश्न : फेस भरपूर, तरी दाढी का झोंबते?

प्रश्न : माझी त्वचा नाजूक आहे, म्हणून मी मुद्दाम नाजूक त्वचेसाठीचा दाढीचा साबण आणि ब्रश घेतला. कढत पाणी वापरून पाच मिनिटे फेस घोटतो आणि चेहऱ्यावर फेसाचा डोंगर उभा राहतो. पण एका गालाची दाढी होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस वाळतो आणि नंतर मान तासभर झोंबत राहते. दाट, उबदार आणि शेवटपर्यंत टिकणारा फेस कसा करावा?

उत्तर : आपण ज्याला फेसाचा डोंगर म्हणता, तेच बहुधा या त्रासाचे कारण आहे. फुगलेल्या फेसात हवा पुष्कळ असते आणि पाणी थोडे, आणि पात्याला हवेचा काहीच उपयोग नसतो. पाते आणि कातडी यांच्यामध्ये निसरडा थर राखणे आणि दाढीचे खुंट भिजलेले ठेवणे ही फेसाची खरी कामे आहेत. दोन्हींसाठी पाणी लागते, आणि ते पाणी चेहऱ्यावर धरून ठेवण्यासाठी साबण लागतो.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि कोरडा असताना तो चिवट असतो. दोन-तीन मिनिटे कोमट पाण्यात भिजला की तो पाणी शोषून फुगतो, मऊ पडतो आणि त्याला कापायला बराच कमी जोर पुरतो. म्हणून दाढी आंघोळीनंतर लगेच करावी, किंवा कोमट पाण्यात पिळलेला रुमाल तेवढा वेळ चेहऱ्यावर धरावा. कढत पाणी मात्र आजपासून बंद करा. ते त्वचेवरचे नैसर्गिक तेल धुऊन नेते, त्वचा आधीच लाल करून ठेवते, आणि फेसातले पाणीही लवकर उडते. 38 ते 40 अंश सेल्सिअस, म्हणजे अंगाच्या उष्णतेहून किंचित जास्त, एवढे पाणी पुरेसे आहे. मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतून पाहिले तर ऊब जाणवावी, चटका बसू नये.

ब्रश डुकराच्या राठ केसांचा असेल तर तो चार-पाच मिनिटे भिजत ठेवावा. कृत्रिम धाग्यांचा ब्रश पाणी शोषत नाही, त्यामुळे तो नुसता बुडवून काढला तरी चालतो. एकदा जोरात झटकून तो साबणाच्या वडीवर निदान अर्धा मिनिट फिरवावा. माझ्या पाहण्यात बहुतेकांचा फेस इथेच फसतो, कारण पाच-दहा सेकंदांत ब्रशवर पुरेसा साबण चढत नाही आणि पुढे कितीही घोटले तरी ती उणीव भरून निघत नाही. ब्रशच्या टोकांवर चिकट, पांढरा लेप दिसला की वाटीत घोटायला सुरुवात करावी. साबणाऐवजी क्रीम असेल तर अंगठ्याच्या नखाएवढे पुरते.

यानंतर पाणी थेंबाथेंबाने घालायचे असते, आणि घाई करण्याची ही जागा नव्हे. चार-पाच थेंब घालावेत, वीस-पंचवीस सेकंद घोटावे, पुन्हा तेवढेच थेंब घालावेत. सुरुवातीचा फेस पांढराफटक आणि निस्तेज दिसतो व त्यातले बुडबुडे सहज मोजता येतात. पाणी मुरत जाते तसे ते बारीक होत होत डोळ्यांना दिसेनासे होतात, फेस जड होतो आणि त्याच्यावर एक ओलसर चकाकी येते. ब्रश उभा उचलल्यावर फेसाचे टोक उभे राहिले आणि त्याचा शेंडा किंचित वाकला, म्हणजे फेस जमला. तरीही चिमूटभर फेस अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळून पाहावा. बोटे एकमेकांवरून अलगद घसरली पाहिजेत. ती अडत असतील तर फेस तहानलेला आहे. मी ही चाचणी आजही चुकवत नाही, कारण डोळ्यांना उत्तम वाटणारा फेस बोटांना कोरडा लागल्याचा अनुभव वारंवार येतो. उलट फेस ओघळू लागला, तर पाणी जास्त झाले. ब्रश पुन्हा दहा-पंधरा सेकंद वडीवर फिरवला की तो सावरतो.

ऊब टिकवण्यासाठी फेसाची वाटी गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवावी. सगळा फेस एकदम थापू नये. आधी एका बाजूला पातळ, सलग थर द्यावा, तेवढी दाढी करावी, आणि मगच ब्रशची टोके कोमट पाण्यात टेकवून दुसऱ्या बाजूला ताजा, उबदार फेस लावावा. वाळलेल्या फेसावर पाते कधीही फिरवू नये. नाजूक त्वचेवर ब्रश गोल गोल घासण्यापेक्षा रंग लावावा तसा हलक्या हाताने फिरवलेला बरा.

हे सारे करूनही झोंबत असेल, तर दोष साबणाचा की पात्याचा हे आधी ठरवावे. दाढी न करता नुसता फेस लावून दोन मिनिटांनी धुऊन टाकावा. तेवढ्यानेही आग झाली, तर साबण किंवा त्यातला सुगंध सोसत नाही असे समजावे. खरा साबण अल्कधर्मी असतो; त्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्क मोजण्याचा आकडा) साधारण 9 ते 10 असतो आणि त्वचेचा 5 च्या आसपास, त्यामुळे काहींना चांगला साबणही मानवत नाही. अशांनी ब्रशविना लावायचे, साबण नसलेले क्रीम घ्यावे. वेष्टन वाचताना एक लक्षात ठेवावे, की ज्याला वास येत नाही त्यात मूळ वास झाकणारे सुगंधद्रव्य असू शकते. आपल्याला हवे आहे ते सुगंधद्रव्यच न घातलेले.

प्रश्न : घर बदलल्यापासून त्याच साबणाचा, त्याच ब्रशने फेस येईनासा झाला आहे. आला तरी लगेच बसतो आणि वाटीला पांढरट थर चिकटतो. साबण खराब झाला असेल का?

उत्तर : साबण बहुधा ठीक आहे, पाणी बदलले आहे. शाळेच्या पुस्तकातला 'दुष्फेन' हा शब्द आठवून पाहा. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही ते दुष्फेन, आणि शब्दातच सगळे सांगितलेले आहे. दाढीच्या साबणाचा दाट, टिकाऊ फेस मुख्यतः स्टिअरिक आम्लाच्या पोटॅशियम आणि सोडियम क्षारांमुळे येतो. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यांना गाठून न विरघळणारा साका तयार करतात, आणि आपल्या वाटीला चिकटतो तो हाच. त्यात खर्ची पडलेला साबण फेसासाठी उरत नाही, शिवाय तो साका नाजूक त्वचेला त्रासही देऊ शकतो.

पाणी उकळून, गार होऊ देऊन वरचे निवळ घेतल्यास बायकार्बोनेटमुळे आलेला दुष्फेनपणा जातो. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला मात्र उकळून जात नाही. त्यामुळे सोपा आणि खात्रीचा उपाय म्हणजे फेसापुरते ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून पुन्हा गार केलेले (डिस्टिल्ड) पाणी वापरणे. एका दाढीला ते अर्धी वाटीसुद्धा लागत नाही. त्याच पाण्यात ब्रश भिजवावा आणि फेसही त्याच पाण्याने करावा.

प्रश्न : आपण सांगता तसा फेस मला जमतो, पण मानेवर दुसऱ्या दिवशी लाल पुटकुळ्या येतातच.

उत्तर : मग फेसाला दोष देऊ नका. मानेवरचे केस गालासारखे सरळ खाली वाढत नाहीत. कुठे आडवे, कुठे वर. दोन दिवस दाढी न करता बोट फिरवून पाहा, जिकडे खरखर लागत नाही ती केसांची दिशा. त्याच दिशेने, कातडी न ताणता, जोर न देता पाते फिरवा आणि उलटी दाढी सोडा. ताणलेल्या कातडीत अगदी मुळाशी कापलेला केस आत सरकतो आणि, विशेषतः कुरळा असेल तर, वाढताना आतल्या आत वळतो. पुटकुळी त्याचीच असते. पाच ते सात दाढ्यांनंतर पाते बदला. पुटकुळ्यांत पू होत असेल, तर दाढी थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मेंथॉलच्या क्रीमने दाढीनंतर गार वाटते. ते नाजूक त्वचेला चांगले का?

उत्तर : मेंथॉलमुळे त्वचा गार होत नाही, गारवा ओळखणारे मज्जातंतू तेवढे जागे होतात, आणि सोललेल्या कातडीवर तेच मेंथॉल चुरचुरते. आपल्याला आजवर त्रास झाला नसेल तर वापरत राहा, पण झोंबणारी मान शांत करण्यासाठी ते नको. त्यासाठी साध्या गार पाण्याने चेहरा धुऊन, टिपून, अल्कोहोल आणि सुगंध नसलेले मॉइश्चरायझर ओलसर त्वचेवरच लावा.