बाससाठी रॉड कोणता? आधी हुक आणि लाईन बघा

मागच्या अंकात टेक्ससच्या तलावांवर लिहिलं होतं, त्यानंतर बास फिशिंगच्या, म्हणजे बास हा अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा गळाने पकडायच्या, सामानाबद्दल भरपूर पत्रं आली आणि जवळजवळ सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, रॉड कोणता घेऊ. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढची उत्तरं समजायला सोपी जातील. माशाच्या तोंडापासून सुरुवात करा आणि मागे मागे या, आधी हुक (गळ), मग गाठ, मग लाईन (दोरा), मग रॉड (काठी) आणि सगळ्यात शेवटी रील (दोरा गुंडाळायचं चक्र). दुकानात नेमकं उलटं होतं, माणूस चकचकीत रीलपाशी थांबतो आणि हुकांसाठी पाच डॉलर द्यायला कुरकुरतो.

प्रश्न (फ्रिस्को, टेक्सस): दादा, आमच्या सबडिव्हिजनमध्ये एक तळं आहे, संध्याकाळी लोक तिथे बास पकडतात, मलाही सुरू करायचंय. दुकानात भिंतभर रॉड लावलेत, कशावर मीडियम कशावर मीडियम हेवी कशावर फास्ट, काहीच कळेना. एकच रॉड घ्यायचाय, सगळं मिळून शंभर-सव्वाशे डॉलर बजेट आहे.

उत्तर: रॉड हातात घेतला की मुठीच्या जरा वर बारीक अक्षरात सगळी कुंडली लिहिलेली असते, सेल्समनचं ऐकण्याआधी ती वाचा. साधारण असं असतं: ७ फूट, मीडियम, फास्ट, लाईन ८ ते १४ पाउंड (म्हणजे तिची ओढ सोसायची ताकद), ल्युअर (नकली आमिष) १/४ ते ५/८ औंस. यातला शेवटचा आकडा सगळ्यात कामाचा. १/४ औंस म्हणजे ७ ग्रॅम आणि ५/८ म्हणजे १८ ग्रॅमच्या आसपास, एवढ्या वजनाने हा रॉड नीट वाकतो आणि वाकला तरच ल्युअर लांब जातो. त्याहून हलकं काही लावलंत की रॉड वाकतच नाही आणि ल्युअर पायापाशी पडतो, फार जड लावलंत तर टोक मोडायची भीती.

मीडियम, मीडियम हेवी म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते. फास्ट, मॉडरेट म्हणजे तो कुठून वाकतो ते. फास्ट असेल तर वरचा टोकाकडचा भाग वाकतो आणि खालचा कडक राहतो, त्यामुळे रबराच्या किड्यात लपलेला एकच जाड हुक माशाच्या जबड्यात घुसवायला तो बरा. मॉडरेट असेल तर पार मध्यापर्यंत वाकतो, तो क्रँकबेटसाठी, म्हणजे माशाच्या आकाराच्या कडक ल्युअरसाठी, कारण त्याचे तीन टोकांचे हुक बारीक असतात आणि कडक रॉडने ओढलं तर माशाच्या तोंडातून फाटून बाहेर येतात.

तुम्ही काठावरून, छोट्या तळ्यात, एकाच रॉडने टाकणार, तर ७ फुटी मीडियम फास्ट स्पिनिंग रॉड (ज्याला रील खाली लटकतं तो) घ्या आणि त्यावर २५०० साईजचं रील. पन्नास-साठ डॉलरपासून रॉड-रीलची बरी जोडी मिळते. गाडीत मावत नसेल तर दोन तुकड्यांचा घ्या, त्यात कमीपणा काही नाही. अग्ली स्टिक ब्रँडचा रॉड वजनाला जरा जड पण सहज मोडत नाही, नवीन माणसाला चालेल. विकत घेण्याआधी एक करा, खिशात थोडा कापूस ठेवा आणि लाईन ज्या कड्यांमधून जाते त्या प्रत्येक कड्याच्या आतून फिरवा. कापसाचा तंतू अडकला म्हणजे कड्याला तडा आहे, असा रॉड लाईन कापत राहणार, सरळ परत ठेवा. उरलेल्या पैशात चांगली लाईन, हुक आणि लांब तोंडाची पक्कड.

आमिष म्हणून पाच इंची सेन्को, म्हणजे मऊ रबरी किडा, आणा, हिरवट तपकिरी रंगात, त्याला ग्रीन पम्पकिन म्हणतात. बरोबर मधोमध हुक घालायचा, शिसं बिसं काही नाही, पाण्यात टाकायचं आणि गप्प बसायचं. तो दोन्ही टोकं हलवत सावकाश खाली जातो आणि बास बहुतेक वेळा तो खाली जातानाच घेतो, झटका जाणवत नाही, लाईन फक्त बाजूला सरकायला लागते. म्हणून नजर लाईनवर. पाणी गढूळ असेल तर काळा-निळा रंग.

आणि लायसन्स काढा हो. टेक्ससमध्ये १७ वर्षांपासून पुढे लागतं. स्टेट पार्कच्या आत काठावरून टाकायला लागत नाही, तेवढी सूट आहे. तळं सबडिव्हिजनचं आहे म्हणता तर असोसिएशनलाही एकदा विचारून घ्या.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): मोनो (साधी नायलॉनची), फ्लुरोकार्बन आणि ब्रेड (विणलेली) या लाईनमध्ये नेमका फरक काय? मी १२ पाउंडची फ्लुरो लावलीये तरी हुकापाशी तुटते, दोन चांगले मासे गेले. २० पाउंडची घेऊ का?

उत्तर: नको. हुकापाशीच तुटते म्हणजे दोष बहुतेक गाठीचा आहे, जाडीचा नाही. पुढच्या वेळी तुटलेलं टोक बोटात धरून बघा. डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सुटली. खरखरीत, पांढरट असेल तर दगडाला घासली, तेव्हा दर दहा-बारा फेकींनंतर शेवटची दोन फूट लाईन बोटांमधून फिरवायची, खडबडीत लागली की तेवढी कापून नव्याने बांधायची. कंटाळा करू नका, सगळ्यात मोठा मासा नेमका त्याच दोन फुटांवर लटकणार असतो.

गाठ पालोमर बांधा. सहा इंच लाईन दुहेरी करून हुकाच्या डोळ्यातून घाला, त्या दुहेरीचीच साधी ढिली गाठ मारा, मग उरलेल्या फासातून अख्खा हुक पार करा. आता थांबा आणि थुंकीने ओली करा, मग दोन्ही टोकं धरून सावकाश ओढा. फ्लुरो कोरडी ओढली की घासून गरम होते आणि तिथेच कमजोर पडते, तुमचे मासे बहुधा इथेच गेले. धागे एकमेकांवर आडवे चढू देऊ नका, शेजारी शेजारी बसले पाहिजेत.

बाकी फरक सांगतो. मोनो ताणली जाते, स्वस्त आहे, सहजी बुडत नाही, म्हणून पाण्यावर चालणाऱ्या पॉपरसारख्या ल्युअरना चांगली. फ्लुरो बुडते, पाण्यात कमी दिसते, दगड-लाकडाला टिकते, पण ताठ असते आणि स्पिनिंग रीलवर जाड फ्लुरो स्प्रिंगसारखी उसळून बाहेर येते. ब्रेड अजिबात ताणली जात नाही, ३० पाउंडची ब्रेड जाडीला जेमतेम ८ पाउंडच्या मोनोएवढी असते, गवत कापत येते, पण स्वच्छ पाण्यात ठळक दिसते. म्हणून स्पिनिंगवर मी १० ते १५ पाउंडची ब्रेड भरतो आणि पुढे हुकाकडे सहा-आठ फूट फ्लुरोचा तुकडा जोडतो, त्याला लीडर म्हणतात. स्पूलवर, म्हणजे रीलमध्ये लाईन गुंडाळली जाते त्या रिळावर, आधी थोडी मोनो गुंडाळा, नाहीतर ब्रेड गुळगुळीत स्पूलवर नुसती फिरत राहते, रील ओढतंय असं वाटतं आणि मासा जातो.

जाड लाईन माशाच्या वजनासाठी नसतेच, ती झाडझाडोऱ्यासाठी असते. बासचा विक्रम २२ पाउंड ४ औंसांचा, जॉर्ज पेरीने १९३२ साली जॉर्जियात पकडला, पुढे २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिताने त्याची बरोबरी केली. तुमच्या माझ्या हाताला येणारा बास दोन ते पाच पाउंडांचा, मोकळ्या पाण्यात त्याला ८-१० पाउंडची लाईन पुरते, ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की लाईन सुटू देणारा रीलचा ब्रेक, फक्त लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर ठेवा. पण डॅलसच्या पूर्वेला लेक फोर्कमध्ये पाण्यात जुनी झाडं उभीच आहेत, तिथे मोठा बास खोडाला वेढा घालतो आणि मग ५० पाउंडची ब्रेडसुद्धा जास्त वाटत नाही.

प्रश्न (ह्यूस्टन): नवऱ्याच्या वाढदिवसाला बेटकास्टर रील दिलं, आता दर फेकीला लाईनचा गुंता होतो आणि सगळा वेळ तो सोडवण्यात जातो. रील खराब आहे का?

उत्तर: ताई, रील चांगलं असणार, सेटिंग राहिलंय. बेटकास्टरमध्ये फेकताना स्पूलच फिरतो, ल्युअर हवेत मंदावतो पण स्पूल त्याच वेगाने फिरत राहतो म्हणून गुंता होतो. रॉड समोर आडवा धरा, अंगठ्याने बटण दाबा आणि ल्युअर खाली जाऊ द्या, तो सावकाश उतरला पाहिजे आणि जमिनीला टेकताक्षणी स्पूल थांबला पाहिजे. थांबत नसेल तर हँडलच्या बाजूची छोटी चकती थोडी आवळा. दुसऱ्या बाजूला ब्रेकची चकती असते, ती सुरुवातीला जवळजवळ पूर्ण वर ठेवा, मग हात बसेल तशी हळूहळू कमी करा. ल्युअर पाण्याला टेकायच्या आत अंगठा स्पूलवर आलाच पाहिजे, ही सवय एकदा लागली की निम्मं काम झालं.

सराव घरामागच्या हिरवळीवर करायला सांगा, १/२ औंसाचं बिनहुकाचं वजन लावून, वारा पाठीवर घेऊन. हलकं ल्युअर वाऱ्याविरुद्ध फेकायचा हट्ट बेटकास्टरवर धरू नये, त्याला स्पिनिंगच. बेटकास्टर लागतो जाड लाईन आणि जड सामानाला, म्हणजे ३/८ औंसाचा जिग (शिशाचं डोकं असलेला हुक), स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं ल्युअर), गवतावर ओढायचा रबरी बेडूक. त्याला ७ फुटी मीडियम हेवी फास्ट रॉड जोडा.

प्रश्न (प्लेनो, टेक्सस): मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला न्यायचंय पण मासे खायचे नाहीत, सोडून द्यायचे. त्यांना कमीत कमी त्रास होईल असं सामान कुठलं?

उत्तर: हे विचारलंत म्हणून फार बरं वाटलं. हुकाच्या टोकामागे जो उलटा काटा असतो तो पकडीने चेपून टाका, हुक झटकन निघतो, आणि माशाच्या तोंडातून निघतो तसा मुलाच्या बोटातूनही निघतो. तीन टोकांचे हुक या वयात नकोच. फार बारीक लाईनही नको, मासा खेळवत बसलं की तो थकतो, आणि टेक्ससच्या उन्हाळ्यात कोमट पाण्यात थकलेला मासा सोडला तरी वाचेलच असं नाही. लवकर आणा, हात ओले करून धरा, मोठा असेल तर पोटाखाली दुसरा हात द्या, नुसत्या जबड्यावर आडवा लटकवू नका, फोटो एकच.

रॉड साडेपाच फुटी, त्यावर झेबको ३३ सारखं बटणाचं रील. पहिल्या दिवशी बासच्या मागे लागू नका, छोटा हुक, तरंगणारा बोया आणि गांडूळ लावून ब्लूगिल हा छोटा मासा पकडू द्या, मुलांना सतत काहीतरी लागलेलं हवं असतं. त्याला लायसन्स लागत नाही, तुम्ही रॉड हातात घेणार असाल तर तुम्हाला लागेल.

प्रश्न (नोवाय, मिशिगन): आम्ही लेक सेंट क्लेअरला जातो, स्मॉलमाउथ या बासच्या दुसऱ्या जातीसाठी टेक्ससवाल्यांचंच सामान चालेल का?

उत्तर: सगळं नाही. तिथलं पाणी झेब्रा शिंपल्यांमुळे स्वच्छ झालंय, मासा लांबून बघतो, म्हणून जाड लाईन आणि जाड हुक घरी ठेवा. ७ फुटी मीडियम लाइट किंवा मीडियम, फास्ट, स्पिनिंग, १० पाउंडची ब्रेड आणि पुढे ८ पाउंडचा फ्लुरो लीडर, दोन्ही डबल युनी गाठीने जोडा. तिथले स्मॉलमाउथ तळाशी राहणारे गोबी मासे खातात, म्हणून तपकिरी-हिरवी ट्यूब (पोकळ रबरी ल्युअर) तळावरून ओढत आणा, नाहीतर ड्रॉप शॉट, म्हणजे शिसं सगळ्यात खाली आणि बारीक हुक त्याच्यावर फूटभर. स्मॉलमाउथ पाण्याबाहेर उड्या मारतो, तेव्हा ड्रॅग आवळू नका आणि लाईन ढिलीही सोडू नका.

प्रश्न (डेन्व्हर, मूळचे पेणचे): डिसेंबरमध्ये गावी जातोय. माझा बासचा सेट जिताड्यासाठी नेऊ का?

उत्तर: न्या की. जिताडा अमेरिकेतल्या बासच्या कुळातला नाही, पण दबा धरून झडप घालायची पद्धत बरीच तशीच, त्यामुळे मीडियम हेवी रॉड आणि ३० पाउंडची ब्रेड छान चालते. लीडर मात्र बदला. जिताड्याच्या कल्ल्यावरचं झाकण ब्लेडसारखं धारदार असतं, बासचा १० पाउंडचा लीडर एका मुसंडीत जाईल, ३०-४० पाउंडचा जाड मोनो लावा आणि हात कल्ल्यापासून लांब ठेवा. बासचे पातळ हुकही सरळ होतील, जाड तारेचे न्या. खाडीवरून आलात की रील त्याच रात्री गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धरून पुसा, बासचं रील मिठासाठी बनवलेलं नसतं.

रबरी बेडूक असेल तर तोही टाका बॅगेत, गावाकडच्या तळ्यात मरळ त्यावर बासपेक्षा जोरात येते. फक्त तळी आणि धरणं बऱ्याच ठिकाणी मच्छीमार सोसायट्यांना ठेक्याने दिलेली असतात, तेव्हा आधी त्यांना विचारा, बहुतेक वेळा मासा कुठे आहे तेही तेच सांगतात. विमानात हुक आणि पक्कड चेक-इन बॅगेत टाका, आणि एक तुकड्याचा ७ फुटी रॉड नेण्यापेक्षा चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड घ्या, तो कपड्यांच्या बॅगेत आडवा बसतो.