जिन्यात कोण बसलंय?

"आमच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी दोन तास प्रार्थना सभा असते. दहा-बारा जण येतात. त्यातले एक ज्येष्ठ बंधू एकटेच पाऊण तास प्रार्थना करतात, इतरांना संधीच मिळत नाही. त्यांना न दुखवता कसं सांगू? बाकी सगळं छान आहे. मिस्टर ख्रिस्ती विश्वासात नाहीत, ते तेवढा वेळ जिन्यात बसतात, पण त्यांची काही तक्रार नसते. त्यांच्यासाठीही आम्ही दर वेळी नाव घेऊन प्रार्थना करतो."

ताई, बंधूंचं आधी उरकते. सभेआधी त्यांना बाजूला घ्या आणि बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय त्यांच्यासोबत वाचा. तिथल्या मंडळीतही असाच गोंधळ होता. एकेकाने बोलावं, बसलेल्या दुसऱ्याला काही प्रकट झालं तर पहिल्याने गप्प राहावं, असं प्रेषित पौलाने सरळ लिहिलंय. दुखावले तर दुखावू देत.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं ते त्या जिन्यासाठी. घरात सतरंजी अंथरलेली, दाराशी दहा-बारा जणांच्या चपला, आणि घराचा माणूस त्या चपलांच्या पलीकडे पायरीवर. बंद दारातूनही गाणी ऐकू येतात, प्रार्थना ऐकू येते. दर गुरुवारी परक्या माणसांच्या तोंडून त्यांना स्वतःचं नाव ऐकू येत असेल, ताई. तक्रार नसते म्हणता. विचारलंत कधी? तुमच्या पत्रात तरी तसं कुठे दिसत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय तुम्हाला पाठ असेल. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात, आणि मार्काच्या आईच्या घरी पुष्कळ जण त्याच्यासाठी प्रार्थना करत बसलेले. तो सुटून दाराशी आला. रुदा नावाच्या दासीने आवाज ओळखला, पण आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळाली. आतले म्हणाले, तुला वेड लागलंय. ज्याच्यासाठी प्रार्थना चालली होती तो बाहेर दार ठोठावतोय आणि आत वाद चाललाय! पेत्र ठोठावत राहिला म्हणून दार उघडलं तरी. तुमचे मिस्टर ठोठावणार नाहीत. स्वतःच्या घराचं दार कोण ठोठावतं?

नवऱ्याची परवानगी घ्या, असं मी म्हणत नाही. प्रेषितांच्या कृत्यांतल्या लुदियाच्या घरी बंधुजन जमत, ते घर तिचं होतं. पण प्रिस्क आणि अक्विला या जोडप्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीबद्दल पौल लिहितो तेव्हा दोघांचीही नावं घेतो, कारण घर दोघांचं होतं. सिरियात दुरा-युरोपोस इथे इ. स. 240 च्या सुमारास ख्रिस्ती लोकांनी एक घर उपासनेसाठी बदलून घेतलं, दोन खोल्यांमधली भिंत पाडून साठ-सत्तर जण मावतील एवढं दालन केलं. ते घर मग उपासनेसाठीच राहिलं. तुमच्या घरात सभा संपल्यावर दोन माणसं राहतात. त्यातल्या एकाला तुम्ही आठवड्यातून एकदा बाहेर काढता आणि त्याची तक्रार नसते म्हणता. मला हे बघवत नाही.

पुढच्या गुरुवारची सभा दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवा. तुम्ही जाऊ नका. त्या संध्याकाळी मिस्टरांसोबत घरी बसा आणि विचारा, "आपल्या घरात सभा भरते, ती तुम्हाला चालते का?" मग गप्प बसा. समजावू नका, वचन सांगू नका, डोळे मिटू नका. ते काय सांगतील ते शेवटपर्यंत ऐका.

'नको' म्हणाले तर सभा हलवा. प्रिस्क आणि अक्विला यांच्या घरी इफिसातही मंडळी जमली आणि रोममध्येही, घर बदललं म्हणून काही अडलं नाही. 'चालेल' म्हणाले, तर त्यांनी कुठे बसायचं ते त्यांनाच ठरवू द्या, जिना सोडून. आणि सभेत त्यांचं नाव घेणं या आठवड्यापासून बंद करा. त्यांच्यासाठी मागायचं ते एकटीने, मनातल्या मनात मागा.