बारावीनंतर मुलीला नर्सिंगला घालायचंय: जीएनएम (पदविका) की बीएससी (पदवी), आणि फीची सोय कशी करायची?

तुमच्या प्रश्नातलं थोडक्यात असं: मुलगी बारावी सायन्स ५८ टक्क्यांनी पास, ओबीसी, घरचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आसपास, बीएससी नर्सिंगची सीईटी दिलेली. आणि एक एजंट बंगळुरूला 'सगळं धरून' साडेपाच लाखांत चार वर्षं करून देतो म्हणतोय, टोकन या आठवड्यात भरायला सांगतोय.

टोकन भरू नका. बंगळुरूची कॉलेजं वाईट म्हणून नव्हे, तिथेही चांगली आहेत. पण तुमच्या मुलीला महाराष्ट्रात जे पैसे माफ होऊ शकतात, ते राज्याबाहेर गेलं की माफ होत नाहीत. नर्सिंगची फी कॉलेज कोणतं यावर जितकी ठरते, त्याहून जास्त ती जागा कोणत्या वाटेनं मिळाली यावर ठरते, आणि हे प्रवेशाआधी फार थोड्या पालकांना माहीत असतं.

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ. शासकीय कॉलेजात तर आहेच, पण कायम विनाअनुदानित खासगी कॉलेजातही आहे. अट एकच आणि ती कडक आहे: प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था पातळीवर जागा घेतली की ही माफी गेली. अभिमत (डीम्ड) विद्यापीठंही यात नाहीत. एकाच कॉलेजात, एकाच बाकावर दोन मुली बसतात. एकीला शिकवणी फी शून्य, दुसरीला पूर्ण. म्हणून 'कॅपमध्ये काय होईल सांगता येत नाही, आत्ताच सीट बुक करा' असं कोणी म्हणालं तर ते ऐकू नका. कॅपच्या सगळ्या फेऱ्या संपेपर्यंत धीर धरा.

माफीत काय येत नाही हेही आधीच कळू द्या: विकास शुल्क, हॉस्टेल, मेस, बस, अनामत, युनिफॉर्म, बूट, जर्नल आणि फाइली. खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार असते. त्यात शिकवणी आणि विकास असे वेगळे आकडे दिसतात. तो कागद छापून सोबत न्या आणि कॉलेजच्या ऑफिसात त्याच्या शेजारी बाकीचे खर्च लिहून मागा, चारही वर्षांचे. 'फी कमी आहे' म्हणणाऱ्या कॉलेजात हॉस्टेल-मेस सक्तीचं असेल तर खरा बोजा तिथेच असतो.

आता कागद. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. मागच्या वर्षीचं संपलेलं लावलं की मुलगी खुल्या प्रवर्गात जाते. जात वैधता नसेल तर आजच पडताळणी समितीकडे अर्ज करा आणि पावती जपा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा हवा. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि बँकेत एकसारखं आहे का, हे अक्षर न् अक्षर तपासा. महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून खात्यात येणारे पैसे अडकतात त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे बँक खातं. खात्याला आधार जोडलेलं असतं, पण एनपीसीआयकडे (बँकांची देयक व्यवस्था चालवणारी संस्था) त्या खात्याची नोंद, म्हणजे मॅपिंग, झालेली नसते किंवा जुन्याच कुठल्या खात्याकडे असतं. शाखेत जाऊन 'डीबीटीसाठी आधार सीडिंग' असे नेमके शब्द वापरून फॉर्म भरा. आणि महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी नव्यानं भरावा लागतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहिलं की कॉलेज त्या वर्षाची फी तुमच्याकडे मागतं.

जीएनएम की बीएससी? पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) आणि इंग्रजी घेऊन पास झालेल्या मुलीनं बीएससीच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. जीएनएम तीन वर्षांचं, कोणत्याही शाखेनंतर होतं, आणि राज्याच्या अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) पदासाठी दोन्ही चालतात. पगारश्रेणीही तीच, एस-१३, मूळ वेतन ३५,४०० पासून. फरक पुढे पडतो. एम्स रुग्णालयांतल्या नर्स भरतीच्या नॉरसेट परीक्षेला बीएससीवाली लगेच बसू शकते. जीएनएमवालीला आधी किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव लागतो. पुढे एमएस्सीला जायचं तर जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएससी करावं लागतं, म्हणजे ३ अधिक २. कॅपमध्ये काहीच लागलं नाही, तर शासकीय किंवा महापालिका रुग्णालयाचं जीएनएम हे महागड्या खासगी बीएससीपेक्षा नक्की चांगलं. तिथे प्रत्यक्ष रुग्णांवर काम करून हात बसतो.

हा हाताचा मुद्दा फीइतकाच मोठा आहे. नर्सिंग शिकवतो तो वॉर्ड. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण आणि किमान ७५ टक्के खाटा भरलेल्या, असं प्रमाण आहे. म्हणजे एका वेळी ४० मुली वॉर्डात असतील तर १२० रुग्ण प्रत्यक्ष झोपलेले हवेत. हे तुम्ही स्वतः तपासू शकता. तपासणी समिती येणार त्या दिवशी नव्हे, साध्या मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी दहाला कॉलेजच्या रुग्णालयात जा. मेडिसिन आणि सर्जरीच्या वॉर्डातून एक फेरी मारा. चादरी इस्त्रीच्या घडीत, खाटेशेजारच्या कपाटावर ना डबा ना पाण्याची बाटली, सलाइनचे स्टँड भिंतीला लावून ठेवलेले, असं दिसलं तर तिथे रुग्ण नसतात. मग महिन्याला प्रसूती किती होतात ते विचारा. युनिफॉर्ममधल्या मुलींना बाजूला घेऊन विचारा: पोस्टिंग कुठे असतं, बसचे पैसे कोण देतं, ट्यूटर वॉर्डात येतात का, आणि स्टाफ नर्सच्या जागी तुम्हालाच नाइटला उभं करतात का. मुली खरं सांगतात.

'हजेरी लागत नाही, फक्त परीक्षेला या' असं कोणी सुचवलं तर तिथूनच परत फिरा. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, पदवीसाठी प्रॅक्टिकल १०० टक्के पूर्ण लागतं. पत्राद्वारे किंवा घरबसल्या जीएनएम, बीएससी होत नाही. बीएससी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता चालू वर्षाची आहे का, हे त्यांच्याच यादीत बघा, कॉलेजच्या भिंतीवरच्या फ्रेममध्ये नाही. परदेशी जायचा विचार असेल तर भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीतही नाव हवं.

राहिलेल्या खर्चासाठी शैक्षणिक कर्ज. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा. मॅनेजमेंट कोट्याची जागा असली तरी बँक शासनानं मंजूर केलेल्या फीपुरतंच धरते, वरचं डोनेशन कर्जात बसत नाही. हिशोब असा: दर वर्षाच्या सुरुवातीला १ लाख उचललं, सरळ व्याज १० टक्के धरलं, तर चार वर्षांच्या शेवटी व्याजच १ लाख होतं. शिक्षण संपल्यावर हप्ता सुरू होण्याआधी सवलतीचं एक वर्ष मिळतं, त्याचे आणखी ४० हजार. व्याज भरलं नाही तर हप्ता ५.४ लाखांवर बसतो, दहा वर्षांसाठी महिना सुमारे ७,१४०. शिकत असतानाच व्याज भरत गेलात, म्हणजे पहिल्या वर्षी महिना सुमारे ८३५ आणि चौथ्या व सवलतीच्या वर्षी ३,३३५, तर हप्ता ५,२९० च्या आसपास राहतो. तुमचं उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असल्यानं शिक्षणकाळातलं व्याज केंद्राच्या अनुदानातूनही भरलं जाऊ शकतं. पण ते आपोआप होत नाही. कर्ज मंजूर होतानाच शाखेत उत्पन्नाचा दाखला देऊन तसा अर्ज नोंदवा आणि पोच घ्या.