वाचकांचे प्रश्न : रेकॉर्ड धुण्याचे यंत्र घेताना

प्रश्न : वडिलांच्या संग्रहातील सुमारे 350 रेकॉर्ड माझ्याकडे आल्या आहेत. त्यांत बहुतांश एलपी, म्हणजे मोठ्या बारा इंची, असून 50-60 लहान, सात इंची आणि 20-25 जुन्या लाखेच्या आहेत. काही वर्षे त्या माळ्यावर राहिल्याने अनेकींवर पांढरे ठिपके आले आहेत. ओल्या फडक्याने पुसल्यावर खरखर कमी होण्याऐवजी वाढली. पाणी शोषून घेणारे व्हॅक्यूम यंत्र घ्यावे असे वाटते. ते कोणत्या पद्धतीचे असावे? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : फडक्याने खरखर का वाढली, हे आधी समजून घेतले तर यंत्राची निवड निम्मी सोपी होईल. एलपीच्या खाचेची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास असते. फडक्याचे धागे तिच्या तळाशी पोहोचत नाहीत. ते वरची धूळ ओली करून आत लोटतात आणि पाणी सुकले की तो चिखल तळाशी घट्ट बसतो. सैल झालेला मळ सुकण्याआधी पाण्यासकट बाहेर ओढून घेणे, एवढेच व्हॅक्यूम यंत्राचे खरे काम आहे. मळ सैल करण्याचे काम रेकॉर्ड धुण्याचा द्रव आणि ब्रश करतात, त्यामुळे महाग यंत्र घेऊन ब्रश घाईघाईने फिरवला तर पैसे वाया जातात.

या यंत्रांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिल्यात रेकॉर्ड ओली करून उलटी ठेवतात आणि खालच्या फटीतून पाणी ओढले जाते. ती बहुधा हातानेच फिरवावी लागते. दुसऱ्यात, म्हणजे व्हीपीआय, ओकी नोकी किंवा प्रो-जेक्ट यांच्या यंत्रांत, मोटर रेकॉर्ड फिरवते आणि मखमली कडा असलेली एक नळी वरून टेकून पाणी शोषते. तिसरा प्रकार ब्रिटनमधील कीथ मंक्सच्या यंत्रांचा. त्यात बारीक तोंडाची नळी खाचांवरून हळूहळू सरकते आणि तिच्या तोंडाशी गुंडाळीवरून सुटणारा धागा असल्याने रेकॉर्डवर दर वेळी नवा धागाच टेकतो. ही पद्धत सर्वांत नाजूक आणि तितकीच खर्चीक. ध्वनिसंग्रहालयांना ती शोभते, 350 रेकॉर्डच्या घराला तिची गरज नाही. आपल्यासाठी मी दुसरा प्रकार सुचवेन, मात्र त्यातही काही गोष्टी पाहूनच.

आपल्या संग्रहात तीन आकार आहेत आणि खरेदी करताना नेमके हेच विसरले जाते. बारा इंची रेकॉर्डसाठी बनवलेल्या नळीची फट सात इंची रेकॉर्डबाहेर उघडी राहते. तिथून नुसती हवा आत जाते आणि रेकॉर्डवरचे पाणी जागच्या जागी राहते. लाखेच्या रेकॉर्ड बहुधा दहा इंची असल्याने त्यांचीही तीच गत. म्हणून लहान आकारांच्या नळ्या वेगळ्या मिळतात का, आणि भारतात मागवून त्या किती दिवसांत हाती येतात, याची खात्री करूनच पैसे द्यावेत. मखमली पट्ट्यांबाबतही हेच विचारावे, कारण त्या झिजतात.

दुसरी गोष्ट म्हणजे यंत्रात रेकॉर्ड जिच्यावर ठेवतात ती फिरती चकती. चकती पूर्ण आकाराची असेल, तर पहिली बाजू धुऊन रेकॉर्ड उलटताच स्वच्छ झालेली बाजू त्याच चकतीवर टेकते, जिच्यावर घटकाभरापूर्वी मळकी बाजू टेकली होती. रेकॉर्ड केवळ लेबलच्या आधारावर तोलणारी यंत्रे मला यासाठी अधिक पसंत आहेत. लेबल झाकणारी पकड पाणी आत येऊ देत नसेल, तर उत्तमच.

यंत्राची पेटीही पाहावी. दाबलेल्या लाकडी भुशाची पेटी मुंबईच्या दोन पावसाळ्यांत कडेने फुगते. धातूची किंवा चांगल्या प्लॅस्टिकची टिकते. अमेरिकेतील नातेवाइकाकडून यंत्र आणवणार असाल, तर ते 230 व्होल्टचे आहे ना, हे विचारून घ्या. तेथील 60 हर्ट्झच्या हिशोबाने बनवलेली मोटर ट्रान्सफॉर्मर लावूनही आपल्या 50 हर्ट्झवर त्याच वेगाने फिरेलच असे नाही.

आवाजाची कल्पना असू द्या. घरातल्या मिक्सरइतकी घरघर होते, त्यामुळे सोसायटीत दुपारची वामकुक्षी टाळूनच हे काम करावे. मोटर सलग चालवायची नसते. आठ-दहा रेकॉर्ड झाल्या की तिला गार होऊ द्यावे. शोषण्यासाठी दोन फेरे पुरतात. त्यापुढे कोरड्या रेकॉर्डवर मखमल घासत राहिल्यास स्थिर विद्युत निर्माण होते आणि नुकतीच काढलेली धूळ पुन्हा चिकटते.

बुरशीच्या ठिपक्यांसाठी द्रव लावून एक-दोन मिनिटे थांबावे, मग ब्रश खाचांच्या दिशेने फिरवावा. बुरशी आलेल्या रेकॉर्डसाठी ब्रश वेगळा ठेवावा आणि धुतलेली रेकॉर्ड जुन्या आतल्या पिशवीत मुळीच घालू नये. चोरबाजारातून आणलेली एक एलपी मी अशी धुतली, तेव्हा नळीतून चहाच्या रंगाचे पाणी गेले. ते पाहिल्यावर फडक्यावरचा विश्वास उडाला. तरीही सांगतो, जी खरखर बोथट सुईने खाच खरवडल्यामुळे आली आहे, ती कोणतेही यंत्र काढणार नाही.

प्रश्न : लाखेच्या तबकड्या एलपी धुण्याच्याच द्रवाने धुतल्या तर चालतील का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : द्रवात अल्कोहोल असेल तर अजिबात नाही, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि खाचांवर कायमचा डाग पडतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सुगंध नसलेल्या सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब पुरेत, नंतर साध्या डिस्टिल्ड वॉटरचा एक हात. नळाचे पाणी नको, त्यातील क्षार खाचांत उरतात. तडा गेलेली तबकडी यंत्रावर चढवू नये.

प्रश्न : घरातला नेहमीचा व्हॅक्यूम क्लीनर नळी जोडून वापरता येईल का? (एक वाचिका, मुलुंड)

उत्तर : केवळ धूळ ओढणारा असेल तर नाही, पाणी मोटरपर्यंत पोहोचते आणि विजेचा धोका उद्भवतो. पाणी ओढण्याची सोय असलेला असेल, तर त्यासाठी मखमली फटीची नळी मिळते. सांडपाणी मात्र त्याच दिवशी ओतून टाकी कोरडी करावी, नाहीतर जुलैत तिसऱ्या दिवशी वासच सांगतो.