किनाऱ्यावर पॅरामोटर उडवताना

पॅरामोटर म्हणजे पाठीवर पंख्याचं इंजिन आणि डोक्यावर पॅराशूटसारखी कापडी विंग. समुद्रावरून येणारा वारा सपाट असतो, धक्के देत नाही. खाली लाटेची फेसाळ कड सरकत राहते. मजा येणारच. पण इंजिन कधीही बंद पडेल असं धरूनच उडा. 100 मीटरवरून शांत हवेत जेमतेम 500 मीटर जाता येतं, समोरून ताशी 20 किमी वारा असेल तर त्याच्या निम्मं. म्हणजे वाळू कायम आवाक्यात हवी. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल, कितीही मंद का असेना, विंग पिशवीतच राहू द्या. पाण्यात पडलात तर पाठीवरचं 25-30 किलोचं ओझं तोंड खाली दाबतं, म्हणून इंजिनाच्या फ्रेमला पाण्यात आपोआप फुगणारा फ्लोट (तरंगत ठेवणारी पिशवी) बांधाच. उतरल्यावर विंगच्या कप्प्यांतली वाळू झटका. एक्झॉस्टच्या स्प्रिंगा गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा, मिठाने त्याच आधी गंजतात.